रकाना

तहसिलीतून आलेला पोरगा खुर्चीच्या टोकावर बसला,
मांडीवर पुठ्ठा, पुठ्ठ्यावर फॉर्म.
नाव? पंचफुला सुकराम दिघोरे.
वय? लिव पंचेचाळीस, दोन-चार इकडंतिकडं.
धंदा?
मी म्हनलं, कोन्त्या महिन्यातला?

तो हसला. म्हने, काकू, एकच रकाना आहे.
बोटानं दाखवला.
कोंबडीचं अंडं ठेवलं त घरंगळून जाईन, एवढासा.

मंग आयक बाबू.
मोहा गळते तवा पहाटे तीनले मी रानात असतो,
अस्वलाच्या आंधी. थे बी येते मोहासाठी;
आमची भेट अजून झाली नाई, दुरून रामराम हाये.
मंग तेंदूपत्ता. सत्तर पानाचा पुडा.
झोपेत बी माहा अंगठा सत्तरवर थांबते.
रोवन्यात लोकाईच्या बांधीत कंबर मोडतो,
धान निघाला का त्याच ओलीवर लाखोरी फेकतो,
थे बिचारी काई मांगत नाई.
दिवाळीच्या पुढंमागं सिंगाडा, उकडून,
फाट्यावर बस थांबते तिथं, पयसाच्या दोन्यात.
रातच्यानं मशीन: शाळेच्या चड्ड्या, ब्लाऊज,
आनि एक डाव सरपंचाच्या गाडीचं सीट.

हे पहिलेपासून नोतं.
पहिले आमचा बी एकच रकाना होता, मासोळी.
सुकराम म्हने, धिवराले तलाव देते,
बाकी कायले पाहाचं?
त्या साली साऱ्या बकऱ्या इकून बोटुकली आनली,
पान्यात सोडली, आनि पाळीवर वाट पाहात बसलो.

पाळ कशी फुटली हे अजून कोनी सांगत नाई.
कोनी म्हनते खेकड्यानं पोखरली,
कोनी ठेकेदाराचं नाव घेते, मंग इकडंतिकडं पाहाते.
सकाळी तलाव जागेवर नोता.
खाली बांध्याईत, धुऱ्यावर, शाळेच्या आंगनात
आमच्या मासोळ्या उड्या मारत होत्या
आनि गाव घमेल्यानं भरत होतं.
एक घमेलं मी बी भरलं.
चार दिवस साऱ्याईच्या घरी एकच वास.
कोनी आमच्या दारापुढून गेलं का पाय उचलून चाले.

सुकराम तीन महिने बोलला नाई.
जाळं घेऊन बसे. फाटलं नसलं तरी शिवे.
मी बाजूले बसून त्याचे हात पाहो,
गाठ, बोटभर खाली जागा, मंग गाठ.
एक गाठ तुटली त मासोळी जाते,
जाळं नाई जात.
हे मले कोनी तोंडानं सांगतलं असतं
त मी आयकलं बी नसतं.
उठली आनि सांदवाडीत दोडक्याचं बी पुरलं,
लुगड्याच्या गाठीत होतं, दोन वर्षाचं जुनं.
निम्मं उगवलं.

थकतो ना बाबू. खोटं कायले बोलू?
कधी वाटते एकच काम असावं, पंख्याखालचं,
महिन्याच्या महिन्याले पैसा.
तुह्यासारखं.

पोरानं पेनाचं टोपन लावलं, काढलं, लावलं.
म्हने, माझं अकरा महिन्यांचं आहे, काकू.
मार्चमध्ये संपतं.

घरात सुकराम खोकलला. कोंबडी खुर्चीखालून गेली.
रकान्यात त्यानं काय लिवलं, मले वाचता आलं असतं,
मी वाचलं नाई.
गृहिणी असन. एवढ्याशा जागेत थेच मावते.

उरलेला चहा त्यानं बशीत ओतला, फुंकला,
दोनदा फुंकला,
मंग फॉर्मकडं पाहातच इचारलं:
सिंगाड्याचे वेल कधी लावतात?

आखाडात, मी म्हनलं. छातीभर पान्यात.
पोवता येते का?